ह्यांच्या खुर्चीचा लिलाव

सेर्वाताई, धाकट्या कोनाडूचा तुला आणि दाजींना वाकून नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला, की माम्पाँगच्या कोंबड्यांना अजून तेच उठवतात? इकडे कुमासीत माझं बरं चाललंय. बरं म्हणजे, जेवते, झोपते आणि मधल्या वेळात लोकांवर चिडते.

तुझा निरोप होता, ओपोकू गेले, आता त्यांची ती केस कापायची खुर्ची विकून टाक, दुकानाची किल्ली मालकाला दे आणि महिनाअखेर कायमची माझ्याकडे ये. खुर्चीला माझ्या घरात जागा नाही, असंही बजावलंस. तुझा शब्द मी कधी मोडलाय? (मोडला असेल, तर त्याची आठवण आता नको.) मी स्वतः खुर्ची पुसली, लाल कातड्याला तेल लावलं, फोटो काढला आणि फोनवरच्या लिलावात टाकला. म्हटलं, सभ्य पद्धत आहे. लोक घरबसल्या बोली लावतील, ज्याची मोठी तो घेऊन जाईल, घासाघीस नाही. ताई, पांढरे केस झाले तरी माझी अक्कल कोवळीच राहिली बघ.

पहिल्या गृहस्थाने अशी बोली लावली की मला रात्री झोप लागेना. लिलाव संपला आणि त्याचा फोन बंद. तो आजतागायत बंद आहे. पुन्हा लिलाव लावला. दुसरा मात्र आला, आणि येताना मावशीला घेऊन आला. आता दारात आलेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग येण्याचं कारण विचारायचं, हे आईने आपल्याला शिकवलंय. पाणी दिलं. शेंगदाण्याचं सार चुलीवर होतं, तेही वाढलं. पोटभर जेवून मावशी म्हणते, "बाई गं, लिलाव फोनवर झाला. भाव आता ठरवू या की!" मग तिने खुर्चीचे असे दोष काढले, जसे सासूसुद्धा सुनेत काढत नाही. शेवटी उद्या येतो म्हणून गेले, ते गेलेच. (सार छान झालं होतं, एवढं मात्र कबूल केलं.)

तिसरे असिएदू नावाचे. जिंकल्यावर त्यांचा निरोप आला की काका वारले, शनिवारी असोक्वाला त्यांचे दिवस आहेत, खुर्चीचं मग बघू. आता मयताच्या घरी खुर्चीचा विषय कोण काढणार? पण ऐकल्यावर न जाणं तरी कसं शोभेल? मी दुखवट्याचं काळं-तांबडं नेसले आणि गेले. मांडव दिसला, शिरले. उजवीकडून रांगेने सगळ्यांशी हात मिळवले, टेबलावर दुखवट्याचा आहेर दिला, देणाऱ्यांत कर्ण्यावर माझं नावही पुकारलं, 'ओपोकू न्हाव्यांच्या पत्नी कोनाडू' म्हणून. मग निवांत बसून समोरचा फोटो पाहिला. वारली होती ती एक म्हातारी बाई! असिएदूंना तिथे कुणी ओळखत नव्हतं. शनिवारी असोक्वाला मांडव काय, गल्लोगल्ली असतात. मी भलत्याच मांडवात शिरले, की मेल्याने काकाला उगाच मारलं होतं, कोण जाणे.

उठून निघणार, तोच एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. कर्ण्यावर ह्यांचं नाव ऐकून आले होते. म्हणाले, "लग्नाच्या वेळी माझे केस त्यांनीच कापले. कापून झाले की खुर्ची रस्त्याकडे फिरवायचे आणि म्हणायचे, 'जा आता, गावाला तोंड दाखव.'" ताई, मला हुंदका आवरेना. ह्यांच्या दिवसांत आल्यागेल्याचं बघता बघता माझं रडायचंच राहून गेलं होतं. ते तिथे, त्या परक्या बाईच्या मांडवात रडून घेतलं. शेजारच्या बायकांना वाटलं, मी मयताची फार जवळची. त्यांनी मला दोनदा जेवायला वाढलं.

घरी न जाता दुकानात गेले. लग्न झाल्यापासून मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते, ती गिऱ्हाइकांची. त्या संध्याकाळी बसले, पायाने रेटून तिला रस्त्याकडे फिरवलं. समोर टोमॅटोवाली ओरडत होती, टॅक्सीवाले भांडत होते. ह्यांना दिवसभर हेच दिसायचं. मला ह्यांची फार आठवण आली.

असो. मनाला लावून घेऊ नकोस. सोमवारी पुन्हा लिलाव लावते आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे रिकाम्या हाताने येते.

तुझीच,
कोनाडू

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात लिलाव झालाही. या वेळी जिंकणारी तरुण बाई अगदी सरळ निघाली. सांगितल्या वेळी आली, पूर्ण पैसे आणले, टेम्पोही आणला. तिला पाणी दिलं, जेवू घातलं आणि खुर्ची द्यायची नाही म्हणून सांगितलं. तिने फोनवरच्या लिलावात माझ्या नावापुढे सगळ्यांना दिसेल असा शेरा लिहिलाय, 'या बाईवर विश्वास ठेवू नका.' खरंच आहे.

आणखी एक. तुझ्या पुढच्या दाराची रुंदी मोजून कळव. चौकट काढावी लागली, तर दाजींना आधीच सांगून ठेव.