कुवेतचा डॉक्टर आणि कामतघरचे कान

कुवेत,
जानेवारी १९७६

प्रिय दोस्त सावळाराम यास अब्दुर्रहमानचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तू, गुणाबाई वहिनी आणि माझे कापड विणायचे लूम खुशाल असाल अशी आशा आहे. (आधी लूमच लिहिणार होतो, पण वहिनी पत्र वाचून घेतात हे आठवलं.) माझी खुशाली विचारशील, तर ती सध्या इथल्या डॉक्टरच्या हातात आहे आणि तो ती देत नाही.

झालं असं, की नूरुद्दीनकडे महिनाभर राहून परत यायचं ठरलं होतं. पण मला इथे झोप लागत नाही हे सूनबाईच्या, सुरैयाच्या, लक्षात आलं आणि तिने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. चिरंजीवांनी लगेच फर्मान काढलं: अब्बांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होणार, आणि रिपोर्ट चांगला आल्याखेरीज परतीचं तिकीट निघणार नाही. वर, लूम विकून इथेच राहा, हेही हळूच सरकवलं. बापाच्या तोंडावर लूम विका म्हणतो! मी रागाने उठून बाहेर गेलो, पण बाहेर नुसती वाळू, जाणार कुठे? परत आत आलो.

रक्त द्यायला उपाशी यायचं होतं. म्हटलं, उपास मला शिकवता? जन्मभर रोजे धरलेत. पहाटे उठून रीतसर सहेरी केली (खिमा, रोटी, खजूर, वर वाटीभर शिरा) आणि मग पाण्याचा थेंबही न घेता दवाखान्यात गेलो. साखर भलतीच निघाली. मी उपाशी असल्याचं शपथेवर सांगतोय आणि नूरुद्दीन कपाळाला हात लावून बसलाय. पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. (हसू नकोस. तू असतास तर साबुदाण्याची खिचडी चापून गेला असतास.)

मग कान. डॉक्टर इंग्रजी बोलणारा, ते हिंदीत सांगायला एक नर्स. तिचं सगळं मला बरोबर कळत होतं, कारण शेडमध्ये लूमच्या खडखडाटात आपण एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतो, तसं मी तिच्या ओठांकडे बघत होतो. तिचा काहीतरी गैरसमज झाला असावा, तिने तोंडावरची पट्टी वर ओढली. तिथेच घात झाला. पुढचं मला काही ऐकूच येईना. मग एका बंद खोलीत बसवून कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. आवाज येईना, म्हणून मी शहाण्यासारखा वाट बघत बसलो. तेवढ्यावर डॉक्टरने लिहिलं, अर्धे कान गेले! अरे, आपल्या लूमवाल्या कामतघरात पुरते कान आहेत कोणाचे? आपल्याकडे ज्याला कुजबुज ऐकू येते तो लूमवाला नव्हे, दलाल!

शिवाय ब्लडप्रेशर चढलेलं. चढेल नाही तर काय? आपल्या घरी भिंतीपलीकडे रात्रपाळीचे लूम खडखडत असले की मी गाढ झोपतो, आणि वीज गेली की आख्खी चाळ दचकून उठते. इथे रोजच वीज गेल्यासारखं वाटतं. हे डॉक्टरला सांगितलं, तर त्याने गोळ्या लिहिल्या.

आणि हा मला आरोग्य शिकवणारा पोरगा! थंडीचे दिवस, शुक्रवारी दुपारी दोन ब्लँकेटं अंगावर घेऊन झोपतो आणि वर पंखा चालू. तोसुद्धा असा खडखडणारा, की बाहेरच्या खोलीत मला ऐकू येतो. (मला! म्हणजे बघ.) कंपनीची यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि घरचा पंखा तसाच. मी पाना घेऊन गेलो, तर म्हणे हात लावू नका. इतका आळस आमच्या घराण्यात कोणात नव्हता.

सावळ्या, मी कंटाळलो. मला घरी यायचंय.

तुझा वैतागलेला,
अब्दुर्रहमान

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. नूरुद्दीनने पाठवलेला टेपरेकॉर्डर आमच्या कपाटात आहे. रात्रपाळी चालू असताना तो माझ्या खाटेच्या उशाशी ठेव (शेडमध्ये नको, भिंतीतून येतो तोच आवाज हवा) आणि कॅसेट भरून इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. झोप लागली की प्रेशर उतरेल, ते उतरलं की तिकीट.

ता. क. दुसरा – पाकिटावर पत्ता घालायला पत्र नूरुद्दीनकडे दिलं, तर त्याने सगळं वाचलं. म्हटलं आता भांडण होणार. पण तो पत्राची घडी घालत म्हणाला, "अब्बा, सावळाकाकांना दोन कॅसेट सांगा. मला पण इथं आल्यापासून त्या पंख्याशिवाय झोप न्हाय येत." तेव्हा दोन पाठव. आणि वर पंख्याबद्दल लिहिलंय ते खोडून वाच.