अहिताचं नाव

९ मार्च २००४, मंगळवार

चारही काढल्या! चार अक्कलदाढा, एकाच सकाळी. तोंडात कापसाचे बोळे, ओठ जणू दुसऱ्या कुणाचे. लाळ गळते ते कळत नाही, शर्ट ओला झाला की कळतं.

दवाखान्याचा नियम – घरी न्यायला माणूस सोबत हवा, नाहीतर भूल देणार नाहीत. आई घरून, शॉमबर्गहून, निघायच्या तयारीत होती. "मिडटर्म्स आहेत गं, रूममेट नेईल मला," म्हणून थांबवलं. ती इथे ॲन आर्बरला आली असती तर पहिल्या तासात कळलं असतं – मिडटर्म्स सोड, कॉलेजच नाही! जानेवारीत प्रोफेसरशी भांडलो, दार आपटलं, परत गेलो नाही. आता इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या गोण्या लावतो. आईला वाटतं मी सर्किट्स शिकतोय.

रूममेट सत्यजित गाडी घेऊन आला खरा. पण मागच्या सीटवर अस्मिता!

कित्येक दिवस बोललो नव्हतो. तिने पार तिकडे, दूर सनीव्हेलचा जॉब घेतला म्हणून मी तिच्या लॅबच्या दारात ओरडलो होतो, सगळ्यांसमोर. "मी गेले तर तुला काय त्रास होणारे, पुरू?" तिने विचारलं होतं. तेव्हाच खरं उत्तर दिलं असतं तर! मी म्हणालो, "जा, जा!" आणि आलो निघून.

भूल उतरताना काय झालं, काही आठवत नाही. गाडीत बसलो. मग एकदम आपला सोफा. कपाळावर कुणाचातरी गार हात. मी डोळे उघडलेच नाहीत. उघडले असते तर तिने काढला असता.

१० मार्च

सत्या सकाळपासून हसतोय. उशी फेकली तरी हसतोय.

"तुला खरंच आठवत नाही? तू गाडीत उखाणा घेतलास यार!"

मी? उखाणा? मग त्याने म्हणून दाखवला. माझ्यासारखं तोंड करून –

"चार दाढा काढल्या, तोंडात कोंबला कापूस,
अहिताचं नाव घेतो, कारण नको पुसूस!"

मेलो! बधिर ओठांनी 'स्मि'चं वाटोळं केलं, आणि राहिली ती अहिता. आणि ती मागे बसलेली, माझी हनुवटी पुसत!

"ती काय म्हणाली?" मी दात न उघडता विचारलं.

"काही नाही. खिडकीबाहेर बघत होती. मला म्हणाली, सिग्नल लाल आहे."

संध्याकाळी आली. पेज घेऊन. सांगलीची मुलगी, तिखटाशिवाय काही केलं की चिडते, पण ही पेज गाळून, जिरं घालून, कोमट करून आणलेली. चमचा हातात दिला, समोर बसली. मग अगदी सहज –

"कोण रे ही अहिता?"

मी पेजेत चमचा फिरवला.

"नावावरून काही बरी वाटत नाही. जपून राहा."

सांगायला गेलो. "अ…" एवढ्यावर जबडा अडकला.

"राहू दे. टाके तुटतील," म्हणाली. हसली का? तोंड फिरवलं होतं.

११ मार्च

दोन्ही गाल टम्म. आरशात पुरुषोत्तम नाही, आमचे मोरेश्वरकाका दिसतात!

१२ मार्च

आज सत्याने सांगितलं. रविवारी ती जाते, आणि तिकडे एअरपोर्टवर घ्यायला येणार निमिष. चिप डिझाइन करतो, स्वतःचं घर घेतलंय. तिच्या आईने शोधलाय.

"हे आत्ता सांगतोस?"

"तुझ्या गालांकडे बघून दोन दिवस थांबलो."

बर्फाची पिशवी भिंतीवर मारली. फुटली. "छान. आता पुसणार कोण, निमिष?" – हे सत्या. मग मात्र मी असा ओरडलो की डावीकडे काहीतरी सुटलं आणि तोंडात रक्ताची चव आली. बोटभरसुद्धा उघडत नाही तोंड, आणि मला भांडायचंय!

सत्या घाबरला. तिला फोन केला. ती तशीच आली, कोटाखाली घरातलेच कपडे. रागावली नाही. टी-बॅग ओली केली, माझ्या दाढेच्या जागी ठेवली आणि हनुवटी खालून धरून बसली. रक्त थांबेपर्यंत हात हलवला नाही. मला तिच्या मनगटातली नाडी लागत होती. की माझीच होती ती?

"निमिष?" मी टी-बॅगमधून विचारलं.

"आई म्हणते एकदा भेट. भेटेन."

"मग?"

"चाव नीट."

थोड्या वेळाने म्हणाली, "किती बरं वाटतं रे तू गप्प असलास की. माणूस दिसतो तुझ्यातला." मला रडू येत होतं. गाल सुजलेला असला की रडतानासुद्धा दुखतं.

१४ मार्च, रविवार

तिला डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर सोडायला गेलो. सत्या मुद्दाम गाडीतच बसून राहिला. बर्फ वितळून रस्ताभर राड. तिच्या दोन बॅगा मी ओढल्या. दाराशी ती वळली. सूज उतरलीये, ओठ परत माझे झालेत, आता कारण नव्हतंच कसलं.

"अस्मिता," म्हणालो. स्पष्ट. 'स्मि'सकट.

एवढंच. पुढचं सगळं पाठ केलेलं, कुठे गेलं कोण जाणे!

ती जवळ आली. मग माझ्या गालावर दोन बोटं टेकवली, जिथे अजून पिवळट आहे तिथे.

"उखाणा घरच्या मोठ्यांसमोर घेतात, पुरू. गाडीत नाही."

आणि गेली आत. मागे वळून बघितलं नाही. आमच्याकडे 'नाही' असंच म्हणतात ना? सरळ कोणी बोलतच नाही! परतताना सत्याने मला एकदाही चिडवलं नाही. म्हणजे त्यालाही तसंच वाटलं.

१५ मार्च

पोचली. ईमेल सत्याला. मला नाही.

१६ मार्च

स्टोअरमध्ये गेलो. गोणी उचलताना जबड्यात कळ येते. बरं झालं. तेवढ्यापुरतं दुसरं काही सुचत नाही.

१७ मार्च

आईचा फोन. "पुरुषोत्तम," म्हणाली – पूर्ण नाव! "सांगलीहून कुणा शुभाताईंचा फोन होता, अस्मिताची आई म्हणे. त्यांना तुझी जन्मवेळ हवी होती. म्हटलं, अहो, तो अजून शिकतोय. तर म्हणतात, नाही, कॉलेज सोडलंय त्याने, अस्मिताने सगळं सांगितलंय आम्हाला, पण ती दुसऱ्या कुणाला भेटायलाच तयार नाही."

मी "आई, ऐक" म्हणेपर्यंत तिने तोडलं.

"जन्मवेळ दिली मी. तुझ्याशी नंतर बोलते."