जर्नल मुलींनी, जोडणी मुलांनी

मी, सुलोचना लक्ष्मणराव कापगते, वय ७३, अविवाहित, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार एकोडी, तालुका साकोली, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावाचून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने मी जिवंत असताना येऊन विचारावे.

१. राहते घर आणि तलावाखालची दीड एकर धानाची जमीन पुतण्या मंगेश यास. त्याची मुलगी डिंपल यंदा दहावी झाली. तिने सायन्स घेतले तरच घर, असे तर लिहिणार नाही ना, हे त्याने चहा पिता पिता दोनदा विचारले. तसे लिहीत नाही. घरासाठी घेतलेले भौतिकशास्त्र दिवाळीपर्यंतही टिकणार नाही.

२. बँकेतली ठेव डिंपलच्या शिक्षणासाठी, ती कोणत्याही शाखेत गेली तरी. मंगेशने त्यातून मोटरसायकल घेऊ नये.

३. माझ्या पगारातून घेतलेले ॲमीटर, व्होल्टमीटर, भिंगे व तारा मी शिकवत होते त्या शाळेला. त्या वेळचे मुख्याध्यापक प्रयोगाचे कपाट कुलपात ठेवत; पोरी फोडतील म्हणत. ते हयात नाहीत, माझा राग आहे.

पण दोष त्यांच्यावरच टाकला तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. सोळा वर्षे मी एका टेबलावर तीन मुले आणि एक मुलगी बसवली. मुलांनी जोडणी करायची, रीडिंग घ्यायचे. मुलीने जर्नल लिहायचे, कारण तिचे अक्षर चांगले आणि तपासणीला साहेब खूश. रुखमा माझी सर्वात हुशार विद्यार्थिनी. अकरावीत तिच्या हातात प्रथमच ॲमीटर आला. तिने तो बॅटरीला थेट जोडला आणि जाळला. वर्ग हसला. पंधरा दिवसांत ती कॉलेज सोडून आली व म्हणाली, "बाई, मले फिजिक्स नाही जमत." मी तिला समजावले नाही. जमत नाही हे तिला मीच शिकवले होते.

४. मागच्या आठवड्यात डिंपल अगदी तेच बोलली. मंगेश म्हणाला, "जाऊ दे ना आत्या, पोरीच्या डोक्यावर ओझं कायले?" मी त्याला बाहेर बसवले आणि तिला विचारले, शाळेत प्रयोग कसे व्हायचे? ती म्हणाली, "जर्नल माह्याकडे, रीडिंग निकेशकडे." काही बदललेले नाही.

मी तिच्यापुढे बॅटरी, छोटा बल्ब, तारा आणि ॲमीटर ठेवला व भाजी निवडायला बसले. अर्ध्या तासाने हाक आली, "आजी, तार जोडायच्या आधीच काटा शून्याच्या पुढं आहे. मंग हे सगळे आकडे जास्त येऊन राहिले." शाळेत तिच्या टेबलावरचा निकेश जोडणीआधी काटा पाहायचा का, असे मी विचारले. ती म्हणाली, "त्यानं कधी पाह्यलंच नसंल."

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रुखमा करील. ती आता गावात अंगणवाडी चालवते. उपकरणे शाळेला देताना एकच अट: प्रत्येक मुलीने जोडणी करावी, प्रत्येक मुलाने जर्नल लिहावे. रुखमाने वर्षातून एकदा न कळवता जाऊन पाहावे. अट मोडलेली दिसली तर उपकरणे उचलून आणावीत. मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, "बाई, कॉलेजात ॲमीटरचे पैसे द्यायचे राहिले."

६. अकरावीच्या अर्जाची मुदत उद्या संपते. कोणती शाखा, हे मी डिंपलला विचारले नाही, मंगेशलाही विचारू दिले नाही. आत्ता हे लिहीत असताना ती आली. हातातल्या मोबाइलवर अर्ज उघडा होता.

"आजी, कॉलेजात प्रॅक्टिकलचे ग्रुप कोण पाडते?"

सर पाडतात, मी म्हणाले.

"मंग पहिल्या दिवशीच सांगून ठेवीन सरले. जर्नल पाळीपाळीनं."

मी मान हलवली व पुढे लिहिले. आणखी सांगण्यासारखे काही उरलेले नाही. वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही करते.

सही: सुलोचना ल. कापगते

साक्षीदार:
१. गोदावरीबाई हातझाडे, शेजारी (सही)
२. धनीराम लांजेवार, निवृत्त पोस्टमन (सही)

एकोडी, ४ जून २०२६