दाराजवळची जागा

दाराशी बसवलंत ते बसवलंत, पण ते सांगायला तुमचं तोंड का उघडलं नाही? वर्गातल्या एका मुलीला पाठवलंत. ती नाकाला पदर लावल्यासारखं करत आली आणि म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, उद्यापासून तू दाराशी बस. तिथे वारा लागतो." मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत होतात. साठ वर्षं होत आली, बाई, मला अजून तुमची ती पाठच दिसते आणि अंबाड्यावरची अबोलीची वेणी. आता नमस्कार करते. मी तुमच्या नाटे गावच्या शाळेतली, चौथीतली, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची तिची मुलगी. एवढ्याने ओळख पटली नाही तर दाराजवळची म्हणा, म्हणजे पटेल.

वास येत होता हे खोटं नाही. पहाटे आवशीबरोबर, म्हणजे आईबरोबर, होडीवरचे मासे निवडायचे, हात राखेने घासायचे आणि तसंच शाळेत यायचं. राखेने मळ जातो, वास जात नाही. पण तोच वास आवस तुमच्या मागच्या दारी घेऊन यायची, तेव्हा तुम्ही पाटीतला मासा उचलून कल्ले उघडून बघत होतात. मी तिथे आवशीच्या बाजूला उभी असायची. तिथे तुम्ही मला "काय गं, पाढे झाले का?" असं हसून विचारायचात. मागच्या दारी मी चालत होते, वर्गात चालले नाही. हे तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं, आणि ज्यामुळे कळलं ते सांगायला हा कागद घेतला.

माझी नात विद्यापीठात आहे, रत्नागिरीत. हॉस्टेलात राहते, रसायन शिकते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नववीला नापास होऊन बोटीवर गेला. त्यामुळे पुस्तक उघडून समोर बसणारं माणूस आमच्या घरात ती एकच. पहिले दोन महिने तिचा फोन आला की नुसतं लायब्ररी, लायब्ररी. तिथे म्हणे सकाळी एकदा बसलं की संध्याकाळपर्यंत खुर्ची आपली, कोण ऊठ म्हणत नाही. कँटीनचा चहा गोडमिट्ट, मेसची आमटी पळपळीत, चिपळूणची एक मैत्रीण झाली आहे, दोघी मिळून गॅदरिंगला नाचणार आहेत. मी म्हटलं, "नाच हो, पण नाचायला नाही पाठवलेली." ती हसली. मग तिने विचारलं, "आजी, सुकटीची चटणी संपली. मी येईन तोवर करून ठेवशील?" म्हणजे मेसची आमटी घशाखाली उतरवायला माझी बरणी लागत होती. मी दर खेपेला भरून देत होते. झाकणावर कापड, त्यावर दोरा. कष्टाने बांधत होते, बाई. वास बाहेर येऊ नये म्हणूनच बांधत होते.

तरी आला. खोलीत दुसऱ्या दोघी होत्या, त्यांनी जाऊन कागाळी केली. एक दिवस ही प्रॅक्टिकल करून परत येते, तर हिची वळकटी आणि ट्रंक व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. बाथरूमला लागून खोली. मोडक्या खाटा, केरसुण्या, फिनेलचे डबे, आणि आता त्यात माझी नात. हॉस्टेलची रेक्टर तिच्याशी बोललीच नाही. एका मुलीच्या तोंडी निरोप पाठवला, "मॅडम म्हणाल्या, तिथे हवा चांगली येते."

तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी बांगडे साफ करत होते. "हवा" म्हणाली आणि माझ्या हातातला बांगडा विळीवरच राहिला. साठ वर्षांत तुम्हा लोकांना दुसरं काही सुचलं नाही का हो?

पोर माझ्यासारखी मुकी नाही. तिथे एक पाटी आहे, विद्यार्थ्यांना अडचण आली तर इथे या म्हणून. दर मंगळवारी समुपदेशन. म्हणजे आपण रडायचं आणि समोरच्याने ऐकायचं, असं तिने मला समजावलं. पहिल्या मंगळवारी गेली तर कुलूप. दुसऱ्या मंगळवारी दार उघडं, पण आत परीक्षेचे गठ्ठे रचलेले आणि शिपाई त्यावर डोकं टेकून झोपलेला. तिसऱ्या मंगळवारी मॅडम भेटल्या. चांगल्या हसऱ्या बाई. त्यांनी विचारलं, "घरात काही ताण आहे का? बाबा पितात का?" ही म्हणाली, "बाबा बोटीवर असतात. ताण हॉस्टेलात आहे." मॅडम म्हणाल्या, "डोळे मीट आणि खोल श्वास घे बघू." ही म्हणाली, "मॅडम, मी जिथे राहते तिथे खोल श्वास घेतला की बाथरूमचा वास येतो." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मंगळवारी ये म्हणाल्या. मदतीचा एक फोन नंबर पण भिंतीवर आहे. तो लावला की गाणं वाजतं.

त्या शनिवारी ती ट्रंक घेऊनच घरी आली. पायरीवर बसली, दारात, आत पण येईना. "आता नाही जायची मी. शिकून काय होतंय?" सून रडायला लागली. मी तिला म्हटलं, "तू गप. रडायला तिथे पगारी माणूस आहे."  दाराशी बसवलेली एक मुलगी, म्हणजे मी, शाळेतून उठली ती परत गेलीच नव्हती. दुसरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. सोमवारी पहिल्या एसटीने तिला घेऊन निघाले.

आता माझी करणी ऐका. आमच्यात कोणाच्या दारात काम घेऊन जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. मासळी न्यायची, आणि पाटीतली सगळ्यात चांगली न्यायची. दोन सरंगे घेतले, शहरात पापलेट म्हणतात ते, ताटाएवढे. केळीच्या पानात गुंडाळले, बर्फ घातला, वर दोन पिशव्या, आणि माझ्या कापडी पिशवीत लुगड्याखाली दडवले. माशाच्या वासावरून पोरीला हाकलली, आणि मी त्याच बाईकडे मासे घेऊन चालले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पावस मागे टाकलं तशी नात नाक वर करून म्हणाली, "आजी, वास कसला येतो गो?" मी म्हटलं, "माझाच. आज नवीन येतो काय?"

तिथे एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. "पालक कोण?" मी. "सही येते?" मी म्हटलं, "सही येते, वाचता येतं, आणि तुझ्या मागच्या पाटीवर जेवणाची सुट्टी दीडला लिहिलंय, आता साडेबारा झालेत." खिडकीतल्या कारकुनाने जेवणाचा डबा बंद केला. मग रेक्टरच्या खोलीत सोडलं.

ती बाई आधी ताठ होती. नियम आहेत, इतर मुलींची सोय बघावी लागते, मोठ्या गावात राहायचं तर थोडं जमवून घ्यावं लागतं. मी सरळ पिशवी काढली आणि पान उघडून टेबलावर ठेवलं. नात माझ्याकडे बघतच राहिली. रेक्टर पण बघत राहिली, पण तिची नजर वेगळी. "अगं बाई! सरंगे? नाट्याचे?" मी म्हटलं, "डोळे बघा, काचेसारखे आहेत." तिने वाकून बघितले. कल्ले पण उघडून बघितले, बाई. "कशाला हो आजी एवढं," म्हणत पिशवी टेबलाखाली पायाशी घेतली. मग नातीला म्हणाली, "तुझी आधीची खोली आजच देते हं. थोडा गैरसमज झाला. आधी बोलायचं नाही का, बेटा?" नात म्हणाली, "तीन मंगळवार बोलत होते."  बर्फ वितळून पाणी यायला लागलं होतं. रेक्टरने चपला बाजूला सरकवल्या.

मला वाटलं, जिंकले. नातीला घेऊन मांडवीला गेले, समुद्र बघत भेळ खाऊ म्हटलं. तिने पुडी हातात पण घेतली नाही. म्हणाली, "तू काय केलंस ते कळतंय तुला?"

"तुझी खोली आणली."

"मला खोली नको होती. चुकलं म्हणून त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आता चूक झालीच नाही. त्यांनी मासे घेतले, तू खोली घेतलीस, मिटलं. उद्या एखादीच्या आजीकडे सरंगे नसले तर तिने बाथरूमशेजारीच मरायचं?"

मला राग आला. उन्हातून तिच्यासाठी मी वणवणले होते. मी म्हटलं, "अगो, माझ्या आवशीने पण हेच केलं होतं," आणि तिला तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही मला दाराशी बसवलंत, आवशीने तुमच्यासाठी सरंगा पाठवला, तुम्ही तो खाल्लात आणि तरी मला दारातच ठेवलंत, म्हणून आवशीने माझी शाळा बंद केली. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले. गावाला पाठ आहे.

ती मग म्हणाली, "मासा खाऊन पण बाईंनी तुला दारातच ठेवलं?" मी म्हटलं, हो. "मग आज तू परत मासाच का नेलास?"

बोटी लागत होत्या. मी बोटींकडे बघत बसले. माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते तिला द्यायचं नव्हतं.

ती हॉस्टेलात परत गेली, शिकते आहे. पण जुन्या खोलीत गेली नाही. त्याच टोकाच्या खोलीत राहते आणि अर्ज दिला आहे की मला इथे का पाठवलं ते लेखी कळवा. दोन महिने झाले. रेक्टर मॅडम रजेवर, मॅडम मीटिंगमध्ये, मॅडम सांगतील. खिडकीवरचा तो डबेवाला तिला म्हणाला, "खोली दिली ना? मग आता काय पाहिजे तुला?" मला तिने ताकीद दिली आहे, उत्तर येईपर्यंत तू इकडे यायचं नाही आणि काही पाठवायचं पण नाही. बरणी फळीवर पालथी आहे. फोन आईला करते, मी बाजूला बसून ऐकते.

आता मांडवीला नातीला न दिलेलं ते उत्तर. आवशीने सरंगा दिला हे खरं. बापाच्या होडीतला पहिला मासा, घरात खायला ठेवला नाही, तुम्हाला पाठवला. मी पान छातीशी धरून तुमच्या घरापर्यंत आले. मागच्या दारी पोचले आणि आतून तुमचा आवाज आला, कोणाला तरी पाढे म्हणून दाखवत होतात. मला एकदम माझ्याच हाताची किळस आली. मी तशीच मागे फिरले, खाडीवर गेले आणि सरंगा पाण्यात टाकला. मेलेला मासा पाण्यात परत टाकणारं आमच्यात दुसरं कोणी निघायचं नाही. घरी येऊन सांगितलं, बाईंनी घेतला. मासा तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून तर या खेपेला परत मासाच नेला.

पंधरा दिवस झाले आणि मी दारातच. आवशीचं डोकं फिरलं, मला घरी बसवलं. मग तुम्ही आलात. तुम्हाला आठवत असेल, अंगणात तुळशीपाशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मुलगी का येत नाही? हुशार आहे." आवस चुलीपुढून ओरडली, "सरंगा पचला का, बाई?" तुम्ही म्हणालात, "कुठला सरंगा?" किती हळू म्हणालात. मी दाराच्या मागे तांदळाच्या डब्याला धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सगळं निस्तरलं असतं. नाही उघडलं. तुम्ही थोडा वेळ थांबलात आणि गेलात. पुढे बदली होईपर्यंत नळावरच्या बायका तुम्हाला बघून सरंग्याची भाषा करायच्या, आणि मी त्यात हसायची.

बदलीनंतर मांडवीला तुमचं घर होतं, तिथेच तुम्ही वारलात असं ऐकलं होतं. तिथे आता दुसरी माणसं राहतात, त्यांना हे पत्र नेऊन देण्यात अर्थ नाही. हे खरं तर नातीला सांगायचं आहे. ते धाडस होत नाही म्हणून मेलेल्या माणसाला लिहीत बसले आहे. कागद घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवते, सून बघायच्या आत काढीन.

माशाचं देणं माझ्याकडे लागलं, बाई, ते मी पदरात घेतलं. दाराचं तुमच्याकडे आहे. त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, फळ्याकडची मान वळवून, माझ्या तोंडाकडे बघून. कोणा मुलीला पाठवायचं नाही.