अण्णाचं इंटरनेट आणि अव्वाची गाठ

कुरुंदवाड, ऑक्टोबर २००२

मृत्युंजयअण्णा,
रागासकट नमस्कार.

अव्वाच्या मानेतल्या गाठीच्या पहिल्या रिपोर्टात नुसतं लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, एवढंच लिहिलं होतं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, "पेशी बी जातीच्या की टी जातीच्या, ते कळू दे. पुढचं सगळं त्यावर." तुला दम कुठला! बेंगळूरला बसून इंटरनेट वाचलंस आणि फोनवर थेट अव्वालाच, स्वतःच्या आईला, सांगितलंस, "टी असली तर माणसं फारशी जगत नाहीत. उगाच हाल नकोत."

झालं! मुरगूडची आत्या येऊन गळ्यात पडून रडली. दवाखान्याचं नाव काढलं की अव्वा म्हणायची, "अण्णा इंजिनेर हाय. त्याला कळत न्हाय व्हय?"

दुसऱ्या रिपोर्टात पेशी बी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "यातले बरेच जण औषधानं बरे होतात, वेळ घालवू नका." मी तिला अक्षरशः ओढत नेलं. केस गेले, तोंड आलं, पण गाठ विरघळली. कालच्या तपासणीत कुठंच काही सापडलं नाही.

आणि आता ही बाई गल्लीभर सांगत सुटली आहे, "माझ्या अण्णानं फोन केला म्हणून वाचले की!"

आत्ता शेजारी येऊन बसली. "काय लिवलंस? वाच की." तिला वाचता येत नाही. मी वाचल्यासारखं करून म्हटलं, "अण्णा, अव्वा बरी हाय, दिवाळीला ये."

डोळे पुसत म्हणाली, "मग एवढं पानभर काय लिवलंयस?"

हे राहू दे माझ्यापाशीच. तेवढी एक ओळ कार्डावर लिहून टाकते.

तुझ्यावर अजून चिडलेली,
शिवलीला