कन्नड कपाटावरचे ज्वारीचे दाणे

सोमवार, ३ नोव्हेंबर
वही मिटली ती आषाढात. आता दिवाळीही होऊन गेली. तुझी माफी मागायला हवी. कारण एकच, या वयात पुन्हा विद्यार्थिनी झालेय. एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्र, ऑनलाइन. दिवसभर वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी, संध्याकाळी लॅपटॉपसमोर. कॅमेरा चालू ठेवायचा नियम आहे, म्हणून पाठीमागे पडदा लावलाय. कुकरच्या शिट्टीला मात्र पडदा नाही.

प्रात्यक्षिकाचा विषय आला: आपल्या ग्रंथालयातली न वापरली जाणारी पुस्तकं शोधा, काढायची शिफारस करा. सोपं वाटतंय.

गुरुवार, ६ नोव्हें.
संगणकातून देवघेवीच्या नोंदी काढल्या. कोपऱ्यातल्या कन्नड कपाटातलं एकही पुस्तक कित्येक वर्षांत कुणी घरी नेलेलं नाही. अख्खं कपाट शिफारशीत टाकलं.

कार्यवाह देशपांडेकाका खूश. "उत्तम. तिथं अभ्यासिकेची टेबलं बसतील. स्पर्धापरीक्षेची पोरं जिन्यात बसून वाचतात, बघवत नाही." खरंच बघवत नाही. २२ तारखेला संध्याकाळी सभा. ठराव येणार, माझ्या अहवालाच्या आधारावर. जरा मान ताठ झाली, खोटं का लिहू.

शनिवार, ८ नोव्हें.
त्या कपाटाची मापं घ्यायला गेले. सोलापूरची धूळ कुठल्या कपाटाला सोडत नाही. पण यात मधल्या फळीची कड स्वच्छ. शिपायाला विचारलं, पुसतोस का? म्हणाला, "तितं कोण जातंय मॅडम."

मग कोण जातंय?

रविवार, ९ नोव्हें.
आजचं लेक्चर नेमकं यावरच. बसून वाचणाऱ्याची नोंद देवघेवीत येत नाही. म्हणून वाचकांना पुस्तकं टेबलावरच सोडायला सांगतात आणि संध्याकाळी ती मोजतात. आमच्याकडे उलट. 'वाचून झाल्यावर पुस्तक जागेवर ठेवावे', अशी पाटी भिंतीवर. ती मीच हट्टानं लावून घेतली होती. आणि वाचक इतके गुणी की तंतोतंत पाळतात.

म्हणजे मी न वापरलेली पुस्तकं शोधलीच नाहीत. फक्त घरी न नेलेली.

मंगळवार, ११ नोव्हें.
पाटी आत्ताच काढली तर लगेच चर्चा होईल. त्यापेक्षा कन्नड पुस्तकांच्या डोक्यावर ज्वारीचा एकेक दाणा ठेवला. पुस्तक ओढलं की पडेल. सुधीरला जेवताना सांगितलं. नवरा म्हणून गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. उंदरांना आवतण."

बुधवार, १२ नोव्हें.
दाणे गायब. पडलेलेही सापडले नाहीत. सुधीरला सांगणार नाही.
आज दाण्यांऐवजी शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे.

शुक्रवार, १४ नोव्हें.
एकाच पुस्तकावरचा दोरा खाली पडलेला. मला कन्नड वाचता येत नाही. दाखलनंबरावरून यादीत पाहिलं: लिंगायत संतांच्या वचनांचा संग्रह, मोठा टाइप. पुन्हा दोरा ठेवला.
एम.लिब.च्या तासाला 'वापर' या शब्दाची व्याख्या पाठ केली होती. आज आठवली नाही.

सोमवार, १७ नोव्हें.
महादेवीअक्का!
कोपऱ्यावर कडक भाकरीचं दुकान आहे त्यांचं. दुपारी दुकान मिटलं की येतात, पेपर चाळतात, एवढंच मला माहीत. आज पेपराखाली ते पुस्तक होतं. एका ओळीवर बोट आणि ओठ हलत होते. शेजारी जाऊन बसले.

"अक्का, तुम्ही कन्नड वाचता?"
"वाचता आलं असतं तर हितं आले असते व्हय? घरात कन्नडच बोलतो की आमी. पर शाळा मराठी. अक्षर कुटं आलंय."
"मग हे?"
"हे वचन मला तोंडपाठ हाय, आईकडनं. तोंडानं म्हणायचं, बोट पुढं न्यायचं. कुटलं अक्षर काय म्हणतंय ते आपोआप कळतंय हळूहळू."

मी थक्क. मोबाइलवर शिकता येतं म्हटलं, तर हसल्या. "सूनबाई विजापूरची. फाडफाड वाचती. रोज सकाळी मी घरातलं पुस्तक धरून वचनं म्हणते, तिला वाटतं सासू वाचती. तिच्यासमोर मोबाइलवर अ-आ गिरवू? लई हसंल की." मग पुस्तक मिटलं. "कुणाला सांगू नगा हां, मॅडम."
नाही सांगणार, म्हटलं. पटकन म्हटलं.

मंगळवार, १८ नोव्हें.
ऑनलाइन तासाच्या शेवटी नाव न घेता शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. वाचता न येणारा माणूस पुस्तक वापरतो का? एक जण माइक बंद करायला विसरून खुदकन हसला. बाई म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. पण पुरावा जोडा. आणि संबंधित व्यक्तीची संमती." यातलं संमतीचं वाक्य आधी कुणी बोललं असतं, तर अक्कांना इतक्या पटकन शब्द दिला नसता.

गुरुवार, २० नोव्हें.
काकांना म्हटलं, शिफारस बदलायचीय, त्या कपाटाला वाचक आहे.
"एक?"
"मला सापडलेला एक."
"कोण ते? नाव नसलेला वाचक सभेत कसा मांडू? तिकडे पोरं जिन्यात बसलीत, ती दिसतात तरी."
त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण त्यांच्या घरी भाकरी अक्कांच्याच दुकानातून येते. इथे सांगितलेलं तिथे पोचायला वेळ लागणार नाही.

नुसता तो संग्रह वाचवावा आणि बाकी जाऊ द्यावं? पण अक्कांना वाचता येऊ लागलं तर पुढचं पुस्तक त्या कुठून घेणार? आणि मी कपाटासाठी भांडतेय, अक्कांसाठी, की माझ्या शोधासाठी? दोरा पडलेला दिसला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतोय. तो काही परोपकाराचा नव्हता.

शुक्रवार, २१ नोव्हें.
अहवालाच्या दोन प्रती झाल्यात. एकीत अक्का आहेत, एकीत नाहीत. दोन्ही खऱ्या, पण अक्का नसलेली सभेला पटणार नाही.
आज दुपारी त्या आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आज एक सबंद ओळ वाचली. न म्हणता." आणि पुस्तक पाटीप्रमाणे जागेवर ठेवून गेल्या.

उद्या: सभेच्या आधी अक्कांच्या दुकानात जाऊन संमती विचारणे, सूनबाई नसतील अशा वेळी.