खिशात राहिलेलं टोकन

प्रिय गौरांग,

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू दाराला बाहेरून कुलूप लावलंस, किल्ली खिशात टाकलीस आणि ऑफिसला गेलास. वेळ मी तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवली, कारण आईला हल्ली काही आठवत नाही असं तू लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतोस. भोपाळच्या सचिवालयात चौतीस वर्षं मी साहेबांची टिपणं लिहिली, हे टिपण माझं स्वतःचं. तुझी खोली माझ्या खोलीपासून सात पावलांवर आहे, तरी पत्र लिहिते आहे. मी बोलायला लागले की तू मोबाईलकडे बघत "हाँ आई, हाँ" करतोस. कागद तरी शेवटपर्यंत वाचावा लागेल.

बारा वाजता बेल वाजली. कुरिअरवाला माझ्या खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन घेऊन आला होता. तीन महिने वाट पाहिलेलं, काळं, वाफेच्या जमान्यातलं, तळहातावर मावेल एवढं. "माताजी, दरवाज़ा खोलिए, ओटीपी लगेगा." मी म्हटलं, चाबी नहीं है. तो म्हणाला, "तो आप अंदर कैसे गईं?" मी म्हटलं, भैया, मैं गई नहीं, रखी गई हूँ. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. हसला आणि पार्सल परत घेऊन गेला. पाचव्या मजल्याच्या बाल्कनीतून मी त्याची मोटारसायकल होशंगाबाद रोडला लागेपर्यंत बघत राहिले. समोरच्या शमिकाला फोन करावा असं मनात आलं, पण शेजारणीला काय सांगायचं? तुमच्याकडे पिंजऱ्यात पोपट आहे, आमच्याकडे मी आहे, असं?

इंजिन नाही, तर लाईन नुसती पडून आहे. तुझे बाबा गेले तेव्हा लाईनच्या फळीवर त्यांनी पेन्सिलीने रुळांचा एक मोठा लंबगोल काढून ठेवलेला होता. ते ट्रान्सफॉर्मरचे इंजिनिअर. सर्किट पूर्ण झालं की त्यांना समाधान. वर्षभर मी तो जपला आणि मग एका दुपारी खोडरबर घेऊन पुसून टाकला. गोल गोल फिरणारी गाडी कुठेच जात नाही रे. माझी लाईन पलंगाच्या उशाशी सुरू होते, खिडकीखालून जाते आणि कपाटापाशी संपते. दोन स्टेशनं, मधे एक नाला, एकच रूळ. तुझी श्रुती म्हणाली, "आई, मग कपाटाचं दार उघडणार नाही." मी तिला म्हटलं, न उघडू दे, साड्या नेसून मला कुठे जायचं आहे? हे मी सप्टेंबरात गमतीने म्हटलं होतं.

पलंगाजवळचं स्टेशन तुझ्या आजोबांचं आहे. वऱ्हाडातली ती छोटी लाईन, दिवसाला दोन गाड्या, आणि दत्तात्रय मास्तर, म्हणजे माझे अण्णा. मी आठ वर्षांची होईपर्यंत तिथे राहिले, मग नागपूरच्या कॉन्व्हेंटात रवानगी झाली. आलेखाच्या कागदावर मी सगळं मोजून काढलं आहे: पाण्याचा लोखंडी खांब, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, बाकाची डावीकडची मोडकी फळी. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून तिथे टोकन असायचं, पितळी गोळा. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलायचा नाही. एकदा अण्णांना ताप होता. गोळा कोटाच्या खिशात तसाच राहिला आणि ते क्वार्टरमध्ये येऊन झोपले. सकाळची गाडी दोन तास उभी. ड्रायव्हर शिट्ट्या देतोय, बाजाराला निघालेल्या बायका अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत, आणि मी धावत घरी. अण्णांनी त्याच दिवशी वरिष्ठांना स्वतःच्या हाताने लेखी खुलासा लिहिला. तापाचा उल्लेखसुद्धा केला नाही. मी विचारलं, अपघात तर झाला नाही ना? ते म्हणाले, उभ्या गाडीला अपघात होत नाही बाळ, पण उभी ठेवायला कोणी गाडी आणत नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. सतरा सप्टेंबर. मी गोविंदपुऱ्यात एका लेथवाल्याकडे पितळी गोळे करून घ्यायला गेले, मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही, घरी यायला सात वाजले आणि तू कॉलनीचे दोन्ही चौकीदार कामाला लावलेस. माझ्यासमोर त्यांना म्हणालास, "अब अकेले नहीं जाने देंगे." आधी चपला वरच्या कप्प्यात गेल्या. मग माझ्या जुडग्यातली दाराची किल्ली गेली. आणि आज कुलूप.

आता जे सांगितलं नाही ते सांगते. लेथवाला साडेचारलाच मोकळा झाला होता. बाहेर आले आणि कुठल्या बाजूला जायचं ते कळेना. रस्ता होता, माणसं होती, माझं घर कुठे ते मात्र नव्हतं. दीड तासाहून जास्त वेळ एका पानटपरीपाशी उभी राहिले. तुला कुलपाचं कारण मिळू नये म्हणून हे लपवलं. पण बाकीचंही वाच. ते काही पहिल्यांदा झालं नव्हतं, म्हणूनच मी तिथे गेले होते. लाईनसाठी वाटाण्याएवढे दोन गोळे केले आणि तिसरा लिंबाएवढा, माझ्यासाठी. त्याच्यावर या घराचा पत्ता आणि तुझा नंबर कोरून घेतला आहे. तो पर्समध्ये हाताला लागला, मी वाचला, रिक्षावाल्याला दाखवला आणि घरी आले. म्हणजे पद्धत चालते. स्टेशन मी आठवतंय तोवर बांधून ठेवणार आहे आणि तोवर बाहेरही जाणार आहे. दाराशी एक खिळा ठोक. मी घरात असेन तेव्हा गोळा दोरीने खिळ्यावर, बाहेर असेन तेव्हा माझ्याजवळ, आणि खिळ्याला चिठ्ठी: कुठे, किती वाजेपर्यंत. उशीर झाला तर शोधायला ये, मी रागावणार नाही. पण कुलूप नाही. शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत किल्ली माझ्या टेबलावर हवी आणि सोबत तुझ्या हाताने लिहिलेला खुलासा. तापाचं कारण चालणार नाही. तोंडी उत्तर तर नाहीच, कारण ते मी विसरेन.

तुझीच, आणि अजून स्वतःचीही,
आई